वर ठेवलेली पेटी

"दिनानाथभाऊ, पेटी कुठाय?"

पनवेलच्या फलाटावर कोकणच्या गाडीची घोषणा चालू होती. दिनानाथांनी खांदा चाचपला, बाकाखाली वाकून पाहिलं. टाळांची पिशवी होती, जेवणाचा डबा होता. पेटी नव्हती.

"लोकलमध्येच राहिली, ताई. पाय लागू नये म्हणून वर फळीवर ठेवली, आणि..."

आशालताताईंच्या कीर्तनाला तीस वर्षं ते हीच पेटी वाजवत आले होते. आज संध्याकाळी संगमेश्वरच्या देवळात कीर्तन होतं. दुखरा गुडघा तसाच ओढत ते पुलाकडे धावले. अर्ध्या जिन्यातूनच दिसलं, लोकल पलीकडच्या फलाटावरून मुंबईकडे परत निघाली होती.

ते खाली उतरले तेव्हा कोकणची गाडी येऊन लागली होती.

"चढा," ताई म्हणाल्या. "टाळांवर करू आज."

"तुम्ही गाल हो. मी काय नुसत्या मांडीवर बोटं फिरवू?"

ताई मात्र जिन्याकडे बघत होत्या. एक बाई घाईघाईने उतरत होती. लोकलमध्ये दाराशी बसलेली, रानभाजी विकून घरी निघालेली तीच. डोक्यावर मोठी पाटी आणि पाटीत पेटी.

"ओ पेटीवालं! थांबा!"

दिनानाथांनी दोन्ही हातांनी पेटी उतरवून घेतली.

"तुमी बोलत व्हते ना, कोकणची गाडी धरायची," ती धापा टाकत म्हणाली. "चार जणांना इचारलं कुठं लागते. एक बोलला इकडं, एक बोलला तिकडं."

"केवढी जड आहे गं. मध्ये कुठं टेकवायची तरी," ताई म्हणाल्या.

"कशी टेकवू? तुमी येवढी वर ठेवलेली. म्हटलं, देवाची हाय."

"आणि तुझी गाडी?"

"रोह्याची? ती गेली, पुलावरनं बघितली. येल दुपारची."

"नाव काय तुझं?"

"गंगू."

ताईंनी पिशवीतून बुक्क्याची डबी काढली, उघडून गंगूपुढे धरली आणि स्वतःचं डोकं वाकवलं.

"लाव."

"मी? नाय बाय, माजे हात..."

"कीर्तनकाराला बुक्का यजमानानं लावायचा असतो. लाव लवकर, गाडी सुटेल."

गंगूने बोट पदराला पुसलं आणि ताईंच्या कपाळावर टेकवलं. मग दिनानाथही वाकले.

गाडी हलली. गंगू फलाटावर उभी होती, बुक्क्याचं बोट तसंच वर धरून.

डब्यात वरची फळी रिकामी होती. दिनानाथांनी पेटी मांडीवरच घेतली. मग म्हणाले, "ताई, कपाळ पुसायचं ना? संध्याकाळी देवळाचे विश्वस्त लावतील बुक्का."

"लावू देत की," ताई म्हणाल्या. "त्यांचा दुसरा."