मार्थाची मूठ

"हे धान्य जातं तरी कुणाकडं?" शांतवन रणनवरेनं विचारलं.

सुलाबाईनं पिशवीचं तोंड आवळलं. "गरजवंताकडं."

"त्याला नाव असेल ना?"

"छापखान्यात नोकरीला होतात का भाऊ, का पोलीस चौकीत?" ती हसली. "मार्थाबाईनं पंधरा वर्षांत कधी विचारलं नाही."

"ती भोळी होती."

"भोळी? मार्था?" सुलाबाई पुन्हा हसली आणि पायऱ्या उतरून गेली.

शरणपूरच्या ख्रिस्ती मंडळीत ही जुनी रीत होती. घरातली बाई तांदूळ धुवायच्या आधी त्यातली एक मूठ देवाच्या नावानं डब्यात टाकायची. शनिवारी सुलाबाई घरोघर फिरून ते मूठधान्य गोळा करायची. शांतवनच्या बायकोनं, मार्थानं, एक दिवस चुकवला नाही. शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, तिनं दोनदा सांगितलं, "मूठ चुकवू नका."

तिला जाऊन सात महिने झाले. शांतवनला चहापलीकडं काही करता येत नव्हतं. पहिले दोन महिने त्यानं चहा आणि टोस्टवर काढले; पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. शेजारणींनी ताटं आणली, ती त्यानं दारातूनच परत पाठवली. कुणाचं फुकट खायचं नाही, हा त्याचा जन्माचा बाणा. पण रोज सकाळ-संध्याकाळ पोत्यातली एक मूठ तो मोजून डब्यात टाकत होता. घरात चूल पेटत नव्हती, तरी मूठ चुकत नव्हती.

तांदूळही साधा नव्हता. मार्थाचा भाऊ मंगळू हरसूलच्या डोंगरातून दरसाल लाल तांदळाचं पोतं पाठवायचा. बाकी सगळ्या घरांतून पांढरा रेशनचा तांदूळ येई. सुलाबाईच्या पिशवीत मार्थाची मूठ लांबूनही ओळखू येई.

जेवणाची सोय पुढं ललितनंच केली. शांतवनचा हा मुलगा पुण्याला नोकरीला होता. एका दुपारी इनायत नावाचा रिक्षावाला दारात आला. "ललितभाईनं पंचवटीच्या खाणावळीत डबा लावलाय. पैसे भरलेत. घरचा डबा द्या, त्यातच आणत जाईन." शांतवननं फळीवरचा मार्थाचा स्टीलचा डबा काढून दिला. तेव्हापासून रोज एक वाजता गल्लीत दोनदा हॉर्न वाजे.

डबा चांगला असे. खाणावळीचा असून त्यात तांदळाची भाकरी असे, मऊ, अगदी मार्थाच्या हातची वाटावी अशी. भुकेल्या माणसाला काहीही वाटतं, असं शांतवन स्वतःला समजावी. पुण्याहून फोन आला तर ललित डब्याचा विषय काढत नसे. केलेलं बोलून दाखवायचं नसतं, हे पोराला आईनं नीट शिकवलं होतं. म्हणून शांतवनही काढत नसे.

सुलाबाईविषयीचा संशय त्याच्या डोक्यात घातला तो सहादूनं. सहादू चर्चची घंटा वाजवायचा, झाडलोट करायचा.

"मूठधान्य?" तो म्हणाला. "आधी इथं कोठीत यायचं. पावसाळ्यापासून एक दाणा आला नाय. बाई पिशवी घेते आन् शालिमारची बस धरते."

"चर्चच्या पाळकांना माहीत आहे?"

"त्यांना विचारलं तर म्हणतात, सहादू, तू घंटा वाजव."

शांतवनला मग सगळंच दिसू लागलं. सुलाबाईच्या पायात नव्या चपला होत्या. रविवारी त्याला पाहिलं की ती बोलता बोलता गप्प होई. मार्थानं मरताना सोपवलेली मूठ ही बाई बाजारात विकत होती. आणि ती मूठ टाकणारा तो स्वतः होता.

पुढच्या शनिवारी तो तिच्या मागोमाग बसमध्ये चढला आणि शेवटच्या बाकावर बसला. शालिमारला उतरून ती दूध बाजाराकडं वळली. बाजार, म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं. पण दुकानं मागं टाकून ती एका बोळात शिरली आणि एका उघड्या दारातून आत गेली.

शांतवन दाराशी पोचला. आत एक बाई स्टोव्हपुढं बसली होती. सुलाबाई पिशवी पत्र्याच्या डब्यात रिकामी करत होती. पांढऱ्या तांदळात लाल दाणे.

"काय भाव लावलात, सुलाबाई?"

सुलाबाईच्या हातातून पिशवी सुटली. दाणे फरशीवर पसरले.

"कोण गं हे?" स्टोव्हपुढच्या बाईनं विचारलं.

"शांतवनभाऊ," सुलाबाई कशीबशी म्हणाली. "भाऊ, ही जुलेखा."

जुलेखानं पटकन डोक्यावर पदर घेतला. "बैठो ना, चाचा. उन्हातून आलात."

"मी बसायला आलो नाही. माझ्या बायकोनं मरताना सोपवलेलं धान्य आहे हे. कुणाच्या पोटात जातं, ते आज कळलं पाहिजे. नाहीतर उद्या उपासनेनंतर उभा राहून सगळ्या मंडळीसमोर विचारीन."

"नका विचारू, भाऊ." सुलाबाईचे डोळे भरून आले. "तुमच्या पाया पडते. मी मार्थाला शब्द दिलाय."

"तिचं नाव मध्ये घेऊ नका!"

तव्यावर तांदळाची भाकरी फुगली होती. जुलेखा एकदा सुलाबाईकडं बघत होती, एकदा त्याच्याकडं.

तेवढ्यात बाहेर बोळात दोनदा हॉर्न वाजला.

रोजच्या सवयीनं जुलेखाचा हात चालला. तिनं भाकरी उतरवली, दुमडली, आणि मागच्या फळीवरचा स्टीलचा डबा पुढं ओढला. झाकणावर कोरलेलं होतं: सौ. मार्था शांतवन रणनवरे.