अध्यक्षांची परवानगी

"जमिनीवर लाकडी पट्ट्या बसवायच्या? त्याला सोसायटीच्या अध्यक्षांची परवानगी लागते," किरितानी आजी दाराच्या फटीतूनच म्हणाल्या. "आणि माझ्या डोक्यावर दिवसभर टकटक? मला नाही चालणार."

पेइचेनने कमरेत वाकून अननसाच्या केकचा डबा पुढे केला. तो मात्र आजींनी चटकन घेतला आणि दार लावलं.

तायवानमधली सगळी शिल्लक ओतून तिने जपानमधला, आजींच्या डोक्यावरचा हा जुना फ्लॅट घेतला होता, भाड्याने द्यायला. पण आतला कुबट गालिचा बघून भाडेकरू दारातूनच परत जात. तो काढून लाकडी पट्ट्या बसवता आल्या नाहीत तर फ्लॅट पडून राहणार आणि घरी सासूबाईंना वर्षभराचा विषय मिळणार. "जुनी इमारत, जुनी माणसं," एजंटने बजावलं होतं. "परदेशी माणसाला दाद देणार नाहीत."

म्हणून ती दारोदार डबे वाटत हिंडत होती. गंमत म्हणजे बाकीचे सगळे तिला बघून खुलत होते. एकाने चहा पाजला, एकीने मुळ्याचं लोणचं बांधून दिलं. अध्यक्ष कोण असं विचारलं, की मात्र सगळ्यांचं बोट वर जाई: "पाचव्या मजल्यावर नुमाता आजोबांना विचारा." एवढ्या गोडव्याचा तिला आता संशय येऊ लागला.

नुमाता आजोबांसमोर ती गुडघे टेकून बसली. "आजोबा, तुम्ही हो म्हणालात तर मी तरले."

"मी कोण हो म्हणणारा? माझं वर्ष काल संपलं," आजोबा खुशीत म्हणाले. "आमच्याकडे अध्यक्षपद घरोघर फिरतं. नळ फुटला, लिफ्ट अडली, कुणी भांडलं, सगळं अध्यक्षाच्या गळ्यात. यंदा ज्याची पाळी होती, तो गडी घर विकून पळाला."

"कुठलं घर?" पेइचेनचा आवाज बारीक झाला.

आजोबांनी सोसायटीचा शिक्का दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "तुमचंच. अभिनंदन, अध्यक्षबाई."

"पण मी तर तायवानला राहते!"

"फोन आहे ना? नळ फुटला की करू."

पेइचेनला हसू आवरेना. तेवढ्यात मागून धापा ऐकू आल्या. किरितानी आजी जिना चढून आल्या होत्या. त्यांनी तिला कमरेत वाकून नमस्कार केला.

"अध्यक्षबाई, माझ्या वरच्या घरात कुणीतरी लाकडी पट्ट्या बसवायचं म्हणतंय. तेवढं त्यांना सांगा, खुशाल बसवा, फक्त खाली जाड रबर घाला म्हणावं."