‘म्बल’ची भावंडं

“ड्रम्बल,” मुलगी म्हणाली. “बाबा, अर्थ सांगा. आणि आज तरी घोळ घालू नका हो, आज घरी जायचंय.”

तो पलंगाच्या कडेला बसला होता. समोर खिडकीशी, खुर्चीत त्याची बायको, मांडीवर शाल. दाराला टेकून डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. “खेळ नेहमीसारखाच चालू द्या,” त्या म्हणाल्या होत्या, “मी नुसती ऐकते.”

कपड्यांची पिशवी भरून तयार होती. ती गाडीत ठेवायची की पुन्हा कपाटात उपसायची, ते आता ठरणार होतं. शब्द आले तर घर. नाही आले तर अजून हीच खोली.

इंग्रजी शब्दांचा कोश नवराबायकोनं मिळून केलेला. तो अर्थ लिहायचा, ती मुद्रितं तपासायची. चूक दिसली की तिला घास गिळवत नसे. अडगळीत पडलेल्या जुन्या शब्दांवर त्याचा भारी जीव. त्यातही शेवटी ‘म्बल’ असलेले लाडके. एका आईची गबाळी लेकरं, म्हणायचा. मुलगी पाळण्यात असताना तिला तेच गुणगुणून झोपवायचा.

“ड्रम्बल म्हणजे...” त्यानं छताकडे पाहिलं. “ढोल बडवणं.”

मुलीनं कपाळाला हात लावला.

“चूक,” बायको म्हणाली.

“मग काय गं?”

“रेंगाळणं.”

“असं होय! बरं, पुढचा.”

“स्कॅम्बल,” मुलगी म्हणाली.

“अंडी फेटणं.”

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. बायको मात्र हसली नाही. तिच्या भुवया वर गेल्या. “चूक. झोंबाझोंबी करून... मिळवणं.”

“फॅम्बल?”

“हा येतो मला! घरातली माणसं.”

“अहो बाबा, तुम्हीच शिकवलात ना मला?” मुलगी म्हणाली. “अडखळत बोल—”

“तुला विचारलंय का कुणी?” तो एकदम खेकसला. आयुष्यात तो तिच्यावर असा ओरडला नव्हता. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी ढकलगाडी नेत होतं. तिची चाकं कुरकुरत लांब गेली.

“शेवटचा,” मुलगी हळूच म्हणाली. “वॉम्बल.”

त्यानं बायकोकडे पाहिलं. बराच वेळ. कपाळावर घाम होता. पलंगाची कड त्यानं घट्ट धरली होती.

“वॉम्बल म्हणजे,” तो म्हणाला, “मांजराला अंघोळ घालणं.”

“अहो, शुद्धीवर आहात का?” बायको खुर्चीत ताठ झाली. शाल खाली पडली. “पोटात गुडगुडणं! तुम्हीच लिहिलंत, आणि लिहिताना तुमचंच पोट वाजत होतं भरल्या कचेरीत, लाजेनं मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं!”

मग डॉक्टरीणबाई पुढे आल्या, वाकून त्यांनी शाल उचलली आणि तिच्या खांद्यांवर नीट पांघरली.

“पक्षाघाताच्या झटक्यानंतरचं हे पहिलं अख्खं वाक्य,” त्या त्याला म्हणाल्या. “न्या काका, काकूंना घरी न्या.”

त्यानं पिशवी उचलली. दारात मुलीनं त्याचा दंड धरला. “बाबा, आणि तुमचं काय? तुम्हाला तर एकही आठवला नाही.”

“उद्यापासून ‘झल’वाले घेऊ,” तो तिच्या कानाशी कुजबुजला. “त्यांचे चुकीचे अर्थ कालच पाठ करून ठेवलेत.”