पुठ्ठ्यावरचे खळगे

"कमरेचं माप राहू द्या ताई, सीटवर काही कंबर बसत नाही," सायकलवाला दुकानदार म्हणाला. "पॅडवाली शॉर्ट घ्यायची तर बसायच्या हाडांचं माप लागतं. त्यांनाच घेऊन या ना."

"मैत्रीण दुकानात यायला तयार नाही," बाई म्हणाली. "पण हे दिलंय तिनं."

तिनं पिशवीतून खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा काढून काउंटरवर ठेवला. दुकानदाराला हसू आलं. कठीण स्टुलावर पुठ्ठा ठेवून जरा वेळ बसलं की हाडांचे दोन खळगे उमटतात. गिऱ्हाइकांना ही युक्ती तोच शिकवायचा. त्यानं पुठ्ठा उजेडात धरला आणि त्याचं हसू मावळलं.

उजवा खळगा चांगलाच खोल होता. डावा जेमतेम उमटला होता.

अशी फक्त त्याची बायको बसायची. डाव्या खुब्याचं हाड मोडल्यापासून ती सगळा भार उजवीकडे टाकायची. खळग्यांमधलं अंतरही तेच. पट्टी लावायची गरजच नव्हती. गेल्या वर्षी एका पहाटे ती लांबच्या राइडला म्हणून उठली, ती पुन्हा कुणाला दिसलीच नाही. पोलीस शोधून शोधून थकले. येणारा-जाणारा हळहळायचा, आणि हा मान खाली घालून चाकांच्या तारा आवळत बसायचा.

त्यानं पुठ्ठा खाली ठेवला. "कशी आहे ती?"

"आता बरी आहे. बरेच महिने कठीण जागी पडून होती हो. अंग नुसतं आखडून गेलंय बिचारीचं. चांगली जाड गादीची द्या."

"जाड नको," तो सवयीनं बोलून गेला. "लांब पल्ल्याला जाड पॅड गोळा होतं, मांड्या सोलवटतात. पातळ पण घट्ट फोमचं हवं. आणि आतून दुसरं काही घालायचं नाही म्हणावं."

"तीही अगदी हेच म्हणाली. त्यांनाच निवडू दे म्हणाली, त्यांना माझं सगळं ठाऊक आहे."

ती जिवंत आहे का, एवढं एकच दुकानदाराला कळायला हवं होतं, पण तो कपाटाकडे वळला. त्यानं एक काळी शॉर्ट काढली, पॅडची शिवण कुठे टोचत नाही ना ते बोटांनी चाचपलं आणि पिशवीत घातली. पैसे मागायचंही त्याला भान राहिलं नाही.

"कधी... कधी निघणार आहे राइडला?"

"आजच. इथूनच निघते म्हणाली," बाई सहज बोलली आणि पायऱ्या उतरून गेली.

दुकानदार तिच्या मागे धावला नाही. त्यानं शटर खाली ओढलं. मागच्या खोलीत जाऊन रचलेले टायर भराभर बाजूला फेकले, गुडघ्यांवर बसला आणि वर्षापूर्वी स्वतःच्या हातांनी ओतलेल्या काँक्रीटवरून तळवा फिरवला. काँक्रीटला कुठे साधी चीरसुद्धा गेलेली नव्हती.