तपकिरी, मध्यम, एक नग

“साप केवढा आहे?” काउंटरमागच्या वेंदुलाने विचारलं.

दालिबोरकडे साप नव्हता. “चार किलो,” तो म्हणाला.

“वजन नाही हो, जाडी सांगा. साप जिथे सगळ्यात जाड असतो ना, तेवढाच उंदीर द्यायचा. त्याहून मोठा दिलात तर ओकून टाकेल.”

“तसाही ओकतो. केसांचे गोळे.”

“साप?”

“उंदराचे केस,” दालिबोरने घाईघाईने सावरलं.

झ्लीन शहरातलं ते दुकान तळघरात होतं. तिन्ही भिंतींना काचेच्या पेट्या होत्या आणि पेट्यांमधून साप त्याच्याकडे असे बघत होते, जणू त्याचं खोटं फक्त त्यांनाच कळलं होतं. वेंदुलाने फ्रीझरचं झाकण उचललं. आत उंदीर मापाप्रमाणे लावले होते. गुलाबी, डोळेही न उघडलेले. मग लव फुटलेले. मग पोरसवदा. मग संसारी.

“पांढरे घ्या. दहाची पिशवी आहे, महिनाभर बघायला नको.”

“एकच हवाय. तपकिरी. रानातला वाटेल असा.”

“साप रंग बघत नाही, दादा.”

“घरचे बघतात.”

तिने सहा तपकिरी उंदीर काउंटरवर मांडले. दालिबोर एकेक उलटापालटा करून बघू लागला. एकाची शेपटी मोडली होती. एक फारच गुटगुटीत होता, तो रानात राहिलाय हे कुणालाही पटलं नसतं. तिसरा त्याने बराच वेळ न्याहाळला. “हा फार समाधानाने गेलेला दिसतो. जरा झटापट केलेला नाही का?”

वेंदुलाने त्याच्याकडे पाहिलं, मग पाचवा उंदीर पुढे सरकवला. त्याचं तोंड अर्धवट उघडं होतं. तोच घेतला.

“रात्री फ्रिजमध्ये खाली ठेवा, सकाळी पिशवीसकट कोमट पाण्यात,” ती म्हणाली. “मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. फुटतो. दिवसभर काय करतो तुमचा साप?”

“झोपतो. शेगडीपाशी.”

“मग तब्येत उत्तम आहे.”

तब्येत खरोखरच उत्तम होती. फक्त ती सापाची नव्हे, घरच्या बोक्याची. त्याचं नाव अध्यक्ष. कैलासवासी सासऱ्यांनी ते सहकारी शेतीच्या अध्यक्षांवरून ठेवलं होतं, कारण दोघेही आधी जेवत आणि मग कुणालाच सापडत नसत. सात वर्षांत अध्यक्षाने एकही उंदीर मारला नव्हता. गेल्या रविवारी उंदरांनी जत्रेच्या केकसाठी ठेवलेली खसखस फस्त केली. सासूबाई द्राहोमीरा यांनी जेवणाच्या टेबलावर, शेजारच्या ओटिलीदेखत, निकाल दिला. “शुक्रवार सकाळपर्यंत उंबऱ्यावर एक तरी उंदीर दिसला पाहिजे. नाहीतर हा जाईल ओस्त्रावाला, माझ्या बहिणीकडे. पाचवा मजला. या घरात जो खातो, तो काम करतो.”

हे त्या बोक्याकडे बघून बोलल्या. पण बदकाचं तंगडं त्या दिवशी दालिबोरच्या ताटात पडलं नाही. बुटांच्या कारखान्याने त्याला मार्चमध्ये, अडतिसाव्या वर्षी, घरी बसवलं होतं. आता सप्टेंबर होता. बोका गेला की यादीत पुढचं नाव कुणाचं, हे सांगायला ओटिलीची गरज नव्हती. बायको शार्का खाली मान घालून जेवत राहिली होती, आणि तेच जास्त झोंबलं होतं.

शुक्रवारी उजाडताना दालिबोर पायमोज्यांवर खाली आला. उंदीर कोमट पाण्यात भिजून छान मऊ झाला होता. अध्यक्ष शेगडीपाशी घोरत होता. दालिबोरने उंदीर हातात घेऊन दार हळूच उघडलं आणि जागीच थांबला.

उंबऱ्यावर आधीच एक उंदीर होता. तपकिरी, मध्यम.

सात वर्षं! सात वर्षांनी या प्राण्याला लाज वाटली होती. वाकून त्याने तो उंदीर कौतुकाने उचलला.

दगडासारखा होता. मिशांवर बर्फाचे कण होते.

“माझा भिजवायचा राहिला,” मागून आवाज आला.

सासूबाई सासऱ्यांचा जुना कोट घालून उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या हातातल्या दोन्ही उंदरांकडे पाहिलं. “तुझा चांगला निघालाय. तोंड उघडं आहे. माझ्या डोक्यात आलं नाही.”

“आई, त्याला ठेवायचंच होतं, तर तोंडाने सांगायचं होतं.”

“ओटिलीसमोर बोलले होते. आता माघार घेऊ? आणि हळू बोल, शार्का उठेल.” त्यांनी गारठलेला उंदीर कोटाच्या खिशात टाकला आणि मऊ उंदीर उंबऱ्यावर शेपटी नीट वळवून ठेवला. “त्या दुकानातली पोरगी भारी चौकस. म्हणे, साप केवढा?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“अडतीस वर्षांचा. दिवसभर पडून असतो, पण स्वभावाने गरीब.”

दालिबोर कोंबड्यांच्या खुराड्याकडे बघू लागला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

“सोमवारी सात वाजता डेअरीत जा,” सासूबाई म्हणाल्या. “गोदामात नोकरी आहे. मी बोलून ठेवलंय.”

“आणि शार्काला काय सांगू?”

सासूबाईंनी कोटाची बटणं लावली. “सांग, स्वतः पकडली.”