चौसष्ट संघांचा तक्ता

“विवेक, मी बोलतोय.”

हेमचंद्र करमरकरांनी केबिनचं दार पायाने लोटून घेतलं. तीन वर्षांनी ते मुलाशी बोलत होते.

“बाबा? आई ठीक आहे ना?”

“ठीक आहे. मला एक विचारायचं होतं. जॉर्जटाऊन म्हणजे कोण?”

त्यांच्या टेबलावर कॉलेज बास्केटबॉलच्या स्पर्धेचा तक्ता होता. शेजारच्या केबिनमधल्या डॉनेलीने सकाळी आणून दिलेला. १९८५ सालचा मार्च. यंदा पहिल्यांदाच चौसष्ट संघ होते. प्रत्येक सामना कोण जिंकणार हे आधीच लिहून द्यायचं, माणशी एक डॉलर लावायचा. तेवीस वर्षं अमेरिकेत काढूनही हेमचंद्रांनी कधी एक सामना धड पाहिला नव्हता. दरवर्षी ते डॉनेलीला हसून नाही म्हणत. यंदा त्यांनी कागद ठेवून घेतला. फोन करायला त्यांना काहीतरी निमित्त हवं होतं.

“लास्ट इयर जिंकलेली टीम,” विवेक सावकाश म्हणाला. “तुम्ही ब्रॅकेट भरताय?”

“कसं भरतात तेच कळत नाही.”

“प्रत्येक गटात पहिल्या नंबरची टीम सोळाव्याशी खेळते. तिथे विचार करायचा नाही, पहिलीच लिहायची. आठवी आणि नववी असेल तर टॉस. आणि एखादी तरी दुबळी टीम जिंकेल असं लिहा, बाबा. सगळे फेव्हरिट लिहून कुणी पैज जिंकत नाही.”

“आणि हरलेल्या टीमचं काय?”

“घरी जाते. सेकंड चान्स नसतो.”

मग विवेक म्हणाला, “शनिवारी टीव्हीवर गेम आहे. यायचं तर या.”

विवेकने कॅथीशी लग्न केलं, तेव्हा एडिसन गावातल्या आपल्या घरी हेमचंद्रांनी बायकोला बजावलं होतं, “आजपासून त्याचं नाव घ्यायचं नाही. मी नाही, तूही नाही. शब्द दे.” मृणालिनीबाई आठवडाभर रडल्या आणि मग गप्प झाल्या. त्यांनी पुन्हा खरंच कधी नाव घेतलं नाही. स्वतःच्या रागाची हेमचंद्रांना कधीच भीती वाटली नव्हती. बायकोच्या त्या गप्प राहण्याची वाटू लागली होती.

शनिवारी ऑफिसचं काम आहे असं सांगून ते विवेकच्या घरी ट्रेंटनला गेले. दार कॅथीने उघडलं. तिच्या कडेवर दीड वर्षांची मुलगी होती. नात झाल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते हात पुढे करून उभे राहिले आणि मुलीने भोकाड पसरलं.

“लीला कुणाकडेच जात नाही,” विवेक म्हणाला. “नवीन माणूस दिसलं की रडते. मनाला लावून घेऊ नका.”

कॅथीने चहा आणला. आलं घातलेला, घरच्यासारखा. मुलाने शिकवला असणार, असं हेमचंद्रांना वाटलं. टीव्हीवर त्यांनी निवडलेला संघ हरला. पेन्सिलीने त्यांनी त्याच्या नावावर काट मारली. विवेक हसला. ते हसू तीन वर्षं त्यांनी पाहिलं नव्हतं.

पुढच्या शनिवारीही ते गेले. लीला सोफ्यामागे लपून बसली. निघताना ते मुलाला म्हणाले, “आईला यातलं काही माहीत नाही. मी सांगेन. मला जरा वेळ दे.”

विवेक काही बोलणार होता. कॅथीने त्याच्या हातावर हात ठेवला.

त्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी मृणालिनीबाई त्यांचा कोट ड्रायक्लीनिंगला काढत होत्या. खिशातून तक्ता निघाला. बहुतेक नावांवर काट मारलेली होती.

“हे काय आहे?”

“ऑफिसमधलं. सगळेच भरतात.”

“पैसे लावून?”

“एक डॉलर.”

“आणि शनिवारी कुठे जाता? मी ऑफिसात फोन केला होता. कुणीच उचलला नाही.”

हेमचंद्रांनी वर पाहिलं. बायकोचे केस या तीन वर्षांत पांढरे झाले होते. शब्द तिने पाळला होता. तो द्यायला लावणाऱ्यानेच मोडला होता, आणि तेही तिला चोरून.

“उद्या माझ्याबरोबर चल,” ते म्हणाले. “सांगतो.”

गाडी हायवेला लागल्यावर त्यांनी सांगितलं. फोन, तक्ता, दोन्ही शनिवार, सगळं. सांगताना त्यांचा आवाज फुटत होता.

“चूक माझी होती, मृणाल. मी तुला तुझ्या मुलापासून तोडलं. तू एका शब्दानेही भांडली नाहीस, आणि मी मात्र एकटाच जाऊन भेटून आलो.”

मृणालिनीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“त्यांना मुलगी आहे. लीला.”

त्यांनी काहीच विचारलं नाही. केवढी आहे, कुणासारखी दिसते, काहीच नाही. हेमचंद्रांना वाटलं, हे मन आता आपल्यासाठी कायमचं मिटलं.

“तू मला माफ करणार नाहीस. मला कळतंय ते.”

“गाडी नीट चालवा,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

जिना चढताना हेमचंद्रांनी त्यांना हलकेच सावध केलं. “पोरगी रडेल. मला बघूनही रडते. वाईट वाटून घेऊ नकोस. हळूहळू ओळखेल.”

दार कॅथीने उघडलं. हेमचंद्रांच्या मागे उभ्या असलेल्या मृणालिनीबाईंना पाहून ती जागीच थबकली. आत टीव्हीवर सामना सुरू झाला होता. विवेक उठून उभा राहिला.

हेमचंद्रांनी घसा साफ केला. “कॅथी, ही विवेकची...”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत लीला त्यांच्या पायांना वळसा घालून धावत गेली, आणि मृणालिनीबाईंच्या कोटाच्या खिशात सरळ हात घालून म्हणाली, “आजी, खाऊ!”