मागच्या बाकावरचा

गेंड्याचं डोकं काचेच्या कपाटात मावत नव्हतं. शिंग आडवं येत होतं. शिंग थोडं कापू का, असं सुताराने विचारलं, तेव्हा आठवणसर त्याच्याकडे असे पाहत राहिले की सुतार करवत ठेवून जेवायला निघून गेला.

चार वाजता कुलगुरू स्मृतिदालनाचं उद्घाटन करणार होते. आत माणूस शिरून नाचवतो तो कापडी गेंडा हा विद्यापीठाचा शुभंकर आणि दालनाचे प्रमुख आठवणसर. हे नाव मुलांनी ठेवलेलं. सरांना ते आवडत असे, पण आवडतं असं ते दाखवत नसत.

अर्धं दालन एकट्या ‘मागच्या बाकावरच्या’ला दिलेलं होतं. एकतीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्यानंतर गेंडा नाचत नाचत आला आणि सगळ्यांच्या देखत चषकावर बसला. चषकाची परात झाली. आत कोण होतं ते कधीच कळलं नाही. मग हळूहळू कळलं, की आत एक मेलेला विद्यार्थी होता. जाड चष्मा, डावी काडी दोऱ्याने बांधलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, सतत काहीतरी गुणगुणणारा.

तेव्हापासून प्रत्येक वर्गात शेवटच्या बाकाचा खिडकीकडचा कोपरा रिकामा ठेवतात. हजेरी संपली की सगळा वर्ग त्याच्या वतीने आणखी एकदा ‘हजर’ म्हणतो. प्राध्यापकही तेवढं थांबतात. एका नव्या प्राध्यापकाने थांबायला नकार दिला, त्या वर्षी त्याच्या वर्गातले एकोणीस जण नापास झाले. ते गणितात झाले आणि गणित तोच शिकवत होता, हा मुद्दा कोणी काढला नाही.

सरांनी दोनशे बारा माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. कुणी रिकाम्या जिन्यात गुणगुणणं ऐकलेलं, कुणी बंद कपाटात गेंड्याचा श्वास. दोरा मात्र प्रत्येकाच्या आठवणीत डाव्या काडीलाच. सर मन लावून ऐकत आणि मान डोलवत. त्यांना सगळं ठाऊक होतं, कारण त्या दिवशी गेंड्यात ते स्वतः होते.

चौकशी समितीपुढे त्यांची पाचावर धारण बसली होती. खरं सांगितलं असतं तर शिक्षण तिथेच संपलं असतं. म्हणून त्यांनी तोंडाला येईल तो मुलगा उभा केला. नाव माहीत नाही, जाड चष्मा, डावी काडी दोऱ्याने बांधलेली, मागे बसतो, माझ्याकडून गेंड्याच्या कपाटाची किल्ली घेऊन गेला. तसं लेखी दिलं आणि दुसऱ्या दिवशी कावीळ झाली म्हणून घरी गेले. दोन महिन्यांनी परतले तर चषक ठोकून सरळ केलेला होता आणि कुणी काही विचारलं नाही. मुलगा सापडला नसणार. नसलेला सापडणार कसा? पुढचं तिखटमीठ मुलांनी लावलं.

तरी हल्ली सर गेंड्याबरोबर खोलीत एकटे थांबत नसत. आपणच रचलेल्या गोष्टीला काय घाबरायचं, असं ते स्वतःला समजावत. दाराबाहेर उभं राहून.

तीनच्या सुमारास एक म्हातारी बाई जिना चढून आली. पंचाहत्तरीची असावी. तिच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं, दालनाच्या बातमीचं. तिने धाप जिरू दिली, भिंतीवरचं मोठं चित्र पाहिलं आणि चष्म्याच्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. दोरा निळा होता, म्हणाली. तुम्ही काळा काढलाय.

सरांनी चित्रकाराची चूक म्हणून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला.

“हा माझा मुलगा आहे,” ती म्हणाली.

सरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती सांगत राहिली. इथे शिकायला होता. अबोल, पण गुणगुणायचा फार. इथून घरी आला आणि सगळं संपलं.

तासाभरात कुलगुरू येणार होते. गप्प राहिलं तर दालनही राहत होतं आणि दालनप्रमुखही. पण या बाईला आपण रचलेल्या भुतात तिचा मुलगा दिसत होता. सरांनी तोंड उघडलं आणि एकतीस वर्षांत प्रथमच सगळं सांगून टाकलं. गेंडा, चषक, समिती, जबाब.

“मावशी, हा मुलगा कधी नव्हताच. मी बनवलाय तो.”

म्हातारीने कात्रण पिशवीत ठेवलं.

“बनवताना चष्मा कुणाचा बघितलात?”

तिने पिशवीतून घडीवर घडी घातलेला कागद काढला. विद्यापीठाचा शिक्का. सोबतच्या जबाबातील वर्णनावरून ओळख पटल्याने सदर विद्यार्थ्यास काढून टाकण्यात येत असून आवारात पाऊल ठेवण्यास कायमची मनाई करण्यात येत आहे. खाली जोडलेला जबाब सरांच्या अक्षरात होता. विद्यार्थिदशेत त्यांचं अक्षर फार सुरेख होतं.

तो मी नाही, असं पोरगा सांगत होता, ती म्हणाली. पण त्याच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. त्याच्याशी कुणी बोलतच नसे ना.

सरांनी कागद दोनदा वाचला. मग खाली मान घालून, जेमतेम ऐकू येईल असं विचारलं, “कधी गेला तो?”

“गेला कुठे? खाली फाटकाबाहेर उभा आहे. आत यायला अजून मनाई आहे का, तेवढं विचारून ये म्हणाला.”